अर्धाच माणूस

आमच्या गावाला दोन नावं आहेत. एस.टी.च्या पाटीवर मंगरूळपीर असतं. काही दुकानांवर आणि लग्नपत्रिकांवर मंगरूळनाथ असतं. पीर दर्ग्याचा, हयात कलंदरांचा; नाथ बिरबलनाथ महाराजांचा, असं आमच्याकडे सांगतात. दर्ग्याचा उरूस भरतो, नाथांची यात्रा भरते, आणि दोन्हीकडे जिलेबीचं दुकान लावणारा माणूस बहुधा एकच असतो. लहानपणी या दोन नावांचं मला काही वाटत नसे. आता वाटतं. एक नाव घेतलं की दुसरं आपोआप गळतं, आणि गाळलं हे घेणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. हे गाळणं किती बिनबोभाट होतं ते मला आमच्या बँकेतल्या एका दफ्तरीने शिकवलं. तेही गाण्याच्या एका सीडीवरून.

२००६ सालची गोष्ट. तालुक्यातल्या एका शाखेचा मी शाखाधिकारी होतो. दफ्तरी म्हणजे काय, हे संगणकाच्या जमान्यात वाढलेल्यांना सांगावं लागेल. लेजरं काढून देणं, जागेवर नेऊन ठेवणं आणि दिवस संपला की त्या दिवसाची सगळी व्हाउचरं दाभणाने शिवून गठ्ठा बांधणं, हे त्याचं काम. आमचे दफ्तरी वयाने माझ्याहून मोठे. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणत असू. व्हाउचरं शिवताना भाऊ गुणगुणायचे, आणि ते गुणगुणणं प्रल्हाद शिंद्यांच्या चालीचं असायचं. त्यामुळे त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ झाल्यावर माझ्याकडून एक वेगळी भेट म्हणून मी प्रल्हाद शिंद्यांची सीडी दिली. अकोल्याला टिळक रोडवरून मुद्दाम आणली होती. 'सर्वोत्कृष्ट' असं वर छापलेलं. चौदा गाणी. वेष्टनावर विठ्ठल, भगवी पताका आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा गायकाचा फोटो.

भाऊंनी चष्मा लावला, मागची यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "लय छान, साहेब."

पेन्शनच्या कागदांसाठी ते पुन्हा आले तेव्हा मी विचारलं, "भाऊ, सीडी ऐकली का?"

"आयकाची गरजच नाई पडली. यादी वाचली ना." मग थोडं थांबून म्हणाले, "राग नका मानू साहेब, पन तुमी मले अर्धाच मानूस देल्ला."

"म्हणजे? बाकीचा अर्धा कुठे आहे?"

"तो आमच्या वस्तीत हाये. तुमी वसुलीले आल्ते दोनदा, पन दिवसा आल्ते. गानं राती रायते."

ते हसत म्हणाले. मी मात्र हसू शकलो नाही. तीन वर्षं ज्या माणसाच्या समोर बसलो, त्याचं गुणगुणणं रोज ऐकलं, त्या गुणगुणण्याचे शब्द काय आहेत हे मी एकदाही विचारलं नव्हतं. चाल प्रल्हाद शिंद्यांची आहे एवढं कळलं, म्हणजे विठ्ठलाचंच गाणं असणार, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं.

याचं मूळ आमच्या घरात होतं. वडील शिक्षक. रेडिओवर नागपूर केंद्र लागायचं. सुधीर फडके, माणिक वर्मा, भीमसेनांचे अभंग. प्रल्हाद शिंदे हा आवाज आमच्या घरात रेडिओतून आला नाही. तो आला यात्रेतल्या, लग्नातल्या, गणपतीतल्या भोंग्यातून. वडील म्हणायचे, "आवाजाला इस्त्री नाही." तरीही आषाढी आली की पंढरीच्या वाटेचं ते प्रसिद्ध गाणं, दत्ता पाटलांनी लिहिलेलं आणि मधुकर पाठकांनी चाल लावलेलं, लागलं म्हणजे वडीलही हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवत. आम्ही प्रल्हाद शिंद्यांना घरात घेतलं ते एवढ्या एका दारातून. तेही वर्षातून एकदा.

माणूस कोण होता? जन्म १९३३ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचा. दलित कुटुंब, घरी दारिद्र्य आणि घरीच गाणं. पुढे ते भक्तिगीतं गायले, लोकगीतं गायले, कव्वाल्या गायले आणि भीमगीतं गायले. आनंद, मिलिंद, दिनकर ही मुलं आणि पुढे आदर्श हा नातू, असा गाण्याचा एक वंशच त्यांच्यामागे उभा राहिला. २३ जून २००४ रोजी ते गेले. त्याआधी सव्वा महिना, १५ मेला, वामनदादा कर्डक गेले होते. हजारो गीतं लिहून आंबेडकरांचा विचार खेड्यापाड्यांत पोचवणारे कवी. त्या जूनमध्ये भाऊ एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, "साहेब, सव्वा महिन्यात दोघं गेले." मी दुःख व्यक्त केलं. खरं सांगायचं तर दोघांपैकी एकाचंच नाव मला धड माहीत होतं. दुसरं कोण, हे विचारायची लाज वाटली, म्हणून विचारलं नाही.

आता मंगळवेढ्याविषयी. हे गाव पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर. चोखोबा इथलेच. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चाललेलं असताना भिंत कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी पंढरपुरात देवळासमोर, महाद्वाराच्या बाहेर झाली. बाहेर हा शब्द महत्त्वाचा. ते दार पुढे सहाशे वर्षं त्यांच्या माणसांना बंदच राहिलं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा कुठे ते उघडलं. त्या वेळी प्रल्हाद शिंदे चौदा वर्षांचे होते. म्हणजे पंढरीची वाट ज्या आवाजाने अख्ख्या महाराष्ट्राच्या कानात कायमची बसवली, त्या आवाजाच्या मालकाला जन्मल्यापासून चौदा वर्षं त्या वाटेच्या शेवटी आत जाण्याची मुभा नव्हती. ही गोष्ट सीडीच्या वेष्टनावर नसते. तिथे पताका असते.

माझा एक भाचा पुण्यात असतो. त्याला परदेशी गाण्यांचा नाद. ही सगळी हकीकत मी त्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुम्ही सोल म्युझिक ऐका." सोल म्हणजे आत्मा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये जे गाणं होतं, ते तसंच उचलून रे चार्ल्ससारख्यांनी १९५४ च्या सुमारास त्यात देवाच्या जागी प्रेयसी बसवली. भक्तीचा गळा तोच, आर्तता तीच. चर्चमधली मंडळी रागावली. सॅम कुक हा चर्चच्या गाण्यातला लाडका गायक. त्यानेही १९५७ मध्ये ती वाट सोडली आणि बाजारातली गाणी धरली. मला हे ऐकताना परकं वाटेना. देवाचा आवाज आणि पोटाचा आवाज एकाच गळ्यात, आणि दोन्हीकडचे लोक दुसऱ्या बाजूवर नाराज, हे चित्र आपल्याकडेही आहेच.

भाच्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. ओटिस रेडिंग नावाचा थोर सोल गायक होता. त्याच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह १९६७ च्या नोव्हेंबरात निघाला. डिसेंबरच्या १० तारखेला तो विमान अपघातात गेला, वय २६. त्याच्या थोडंच आधी त्याने एक गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं; ते जानेवारीत बाहेर आलं आणि मार्च १९६८ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं तेच. म्हणजे गाजलेल्या गाण्यांच्या पहिल्याच संग्रहात सर्वांत गाजलेलं गाणं नाही! इथे दोष कुणाचाच नव्हता. काळाने वगळलं.

दुसरी गोष्ट सॅम कुकची. १९६४ मध्ये त्याने एक मोठं गाणं केलं, बदल येईल अशी आशा सांगणारं. त्या डिसेंबरात तो गेला आणि त्यानंतर काही दिवसांनी ते गाणं छोट्या तबकडीवर निघालं. पण रेडिओसाठी त्यातलं एक कडवं कापलं होतं. कोणतं? सिनेमाला जावं, बाजारपेठेत जावं, तर इथे रेंगाळू नकोस म्हणून सांगितलं जातं, हे ज्यात होतं ते. आशा ठेवली आणि अपमान कापला. इथे वगळणारा काळ नव्हता, माणूस होता.

भाऊंची सीडी कोणत्या जातीची, हे तेव्हा मला कळलं.

तरी कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. बँकेत चाळीस वर्षांच्या आसपास काढलेल्या माणसाला धंद्याची बाजू दिसतेच. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. एच.एम.व्ही.सारख्या एका मोठ्या कंपनीच्या हातात सगळा कारभार, त्यामुळे कोण गाणार आणि किती गाणार हे दूर कुठेतरी ठरे. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि हे सगळं उलटंपालटं झालं. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने या उलथापालथीवर 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक १९९३ मध्ये लिहिलं. कॅसेट काढायला भांडवल थोडं लागे, त्यामुळे लहान कंपन्या निघाल्या. देवांची, जत्रांची, बोलीतली, चळवळींची गाणी आली. आमच्या आठवडी बाजारात कांद्यामिरचीच्या शेजारी कॅसेटची हातगाडी लागू लागली. त्या गाडीवर प्रल्हाद शिंदे तीन ठिकाणी असत. विठ्ठलाच्या ओळीत, कव्वालीच्या ओळीत आणि निळ्या वेष्टनांच्या ओळीत. गाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणे, "गिऱ्हाईक वेगळं आहे ना." आषाढीचं गिऱ्हाईक मध्येच भीमगीत घेत नाही आणि चौदा एप्रिलचं गिऱ्हाईक विठ्ठल घेत नाही. बरोबर आहे. दुकानदाराने तीन ओळी लावल्या यात काही गैर नाही. गैर आहे ते तीनपैकी एका ओळीवर 'सर्वोत्कृष्ट' अशी चिठ्ठी डकवण्यात.

भाऊ गेल्या वर्षी गेले. काही दिवसांनी त्यांचा मुलगा घरी आला. हातात बुटांचं खोकं. "काका, बाबांच्या कॅसेटी आहेत. घरी टेप राहिला नाही. पुण्यानुमोदनाला बाबांच्या आवडीची गाणी लावायची आहेत. तुम्ही निवडून द्या." माझ्याकडे जुना टू-इन-वन अजून चालतो, हे भाऊंनी त्याला सांगून ठेवलं असावं.

खोक्यात अकरा कॅसेटी निघाल्या. आणि सगळ्यांत खाली माझी सीडी. वरचा पातळ प्लास्टिकचा कागद तसाच, फोडलेला नाही. गाणं ऐकायची गरज पडली नाही हे भाऊंनी खरंच सांगितलं होतं.

अकरांतली दहा विकतची होती. अकरावी नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणून भाऊंनी स्वतः भरलेली. वर त्यांच्या हातची चिठ्ठी, व्हाउचरच्या गठ्ठ्यावर लावत तशीच, गाण्यांच्या अनुक्रमांकासकट. 'प्रल्हाद दादा, निवडक.' म्हणजे भाऊंनी आपला संग्रह कधीच करून ठेवला होता, आणि मी त्यांना बाजारातला दिला होता.

मी दोन्ही संग्रह शेजारी ठेवून ऐकले. बँकेत असताना तपासणीला जायचो तेव्हा तीन प्रश्न घेऊन जायचो. तेच इथे लावले.

पहिला प्रश्न, जे आहे ते खरं आहे का? सीडीतली गाणी अस्सल आहेत. चौदांतली बारा तरी कुणीही निवडेल. शिंद्यांचा गळा पहिल्या शब्दालाच वर चढतो. प्रस्तावना नाही, गोंजारणं नाही. शब्द इतका स्वच्छ की मैदानात शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यालाही अर्थ लागावा. वडील म्हणत ती इस्त्री नसलेली आवाजाची किनारच शब्दाला धरून ठेवते.

दुसरा प्रश्न, नोंदी पुऱ्या आहेत का? नाहीत. गाणी कुणी लिहिली, चाल कुणाची, साल कोणतं, काही नाही. ओतून भरलेली पोती जशी. भाऊंच्या चिठ्ठीवर प्रत्येक गाण्यापुढे कवीचं नाव आहे. जिथे माहीत नाही तिथे रेघ ओढून जागा सोडली आहे. हा दफ्तरी!

तिसरा प्रश्न महत्त्वाचा. एवढ्यावरून खातेदार कोण हे कळतं का? सीडीवरून एक भाविक माणूस कळतो, गोड, समाधानी, वारीला निघालेला. कॅसेटची पहिली बाजू लावली आणि मी सरळ बसलो. तोच गळा, पण इथे तो मागत नाही, सांगतो. बाबासाहेबांचं नाव येतं तिथे आवाज उंच जातो आणि उंचच राहतो, खाली उतरायची घाई करत नाही. मागे टाळ्या, ढोलक, बेंजो. मग दोन कव्वाल्या. आणि कव्वाली ऐकल्यावर माझ्या ध्यानात आलं की विठ्ठलाच्या गाण्यातही ध्रुवपदाकडे परत येताना शब्द पकडून, वळवून, पुन्हा पुन्हा फेकण्याची जी लकब आहे, ती इथली आहे. दर्ग्याच्या अंगणातली. इस्माईल आझाद, अझीझ नाझाँ यांच्या कव्वाल्या आमच्या उरुसात भोंग्यावर लागत. पंढरीच्या वाटेवरचं गाणं त्यांच्याशी नातं सांगतं हे मला पासष्टीत कळलं. नुसती सीडी ऐकून ते कधीच कळलं नसतं.

कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूला विठ्ठल. तीच गाणी, सीडीतलीच. पण पहिल्या बाजूनंतर ऐकली तर ती समाधानी वाटेनात. वाटेच्या त्या गाण्यात दारिद्र्याने गांजलेला, भाकरीला महाग झालेला माणूस आहे. इतकी वर्षं मी त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. आम्ही त्यात फक्त वाट ऐकली. भूक गाण्यातच होती, कापलेली नव्हती. आम्हीच कानाने कापली.

तेव्हा माझा निकाल असा: सीडीतली गाणी उत्तम, संग्रह नापास. कॅसेटचा आवाज खरखरीत, दोन ठिकाणी फीत चुरगळलेली, संग्रह पास.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि निकाल देणाऱ्याने जरा जपून राहावं हे मला पुढच्या रविवारी कळलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारासमोर मांडव होता. मी भाऊंची कॅसेट जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर घालून नेली होती. आपण निवडायचं नाही, त्यांनीच निवडलंय, असं ठरवून. वंदना झाली, लोक बोलले, जेवणाच्या वेळी गाणी लागली. पहिली बाजू संपली आणि विठ्ठल सुरू झाला. दोन ओळी झाल्या असतील. वस्तीतला एक तरुण उठला, भाऊंच्या मुलाजवळ जाऊन हळूच म्हणाला, "दादा, हे इथं नको." मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि बंद केलं.

माझ्यातला परीक्षक आतल्या आत उसळला. पुन्हा अर्धाच माणूस! पण जेवताना विचार केला तसा उसळा बसला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी जे बावीस प्रतिज्ञांचं दान दिलं, त्यातल्या पहिल्याच प्रतिज्ञा त्या देवांना न मानण्याच्या आहेत. ज्या दाराबाहेर सहाशे वर्षं उभं केलं, त्या दाराकडे पाठ फिरवायचा हक्क त्या मुलाचा आहे. कंपनीने भीम वगळला तो गिऱ्हाइकासाठी. या मुलाने विठ्ठल वगळला तो स्वाभिमानासाठी. वगळणं दिसायला सारखं, पण दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत. आणि मी, ज्याने तीन वर्षं समोरच्या माणसाच्या गुणगुणण्याचे शब्द विचारले नाहीत, त्याने तर त्या मांडवात तराजू हातात घेऊच नये.

निघताना भाऊंच्या घरच्यांना, वहिनींना, भेटलो. त्यांना सगळं कळलेलं होतं. म्हणाल्या, "पोरगं बरोबर बोललं, साहेब. पन ह्याहिले ते गानं आवडे. काय आवडे, मले कधी सांगतलं नाई. सकाळी चुलीपाशी बसून म्हनत."

म्हणजे भाऊंनीही एक अर्धा वस्तीपासून लपवलेला नव्हता, पण चुलीपाशी ठेवला होता. आणि दुसरा अर्धा माझ्यापासून लपवलेला नव्हता, मीच दिवसा गेलो होतो. त्यांची कॅसेट हीच काय ती एक जागा, जिथे दोन्ही एका फितीवर होते.

खोकं मुलाने माझ्याकडेच ठेवलंय. परवा मी त्या सीडीवरचं प्लास्टिक फोडलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चौदाही गाणी ऐकली. मग भाऊंच्या चिठ्ठीवर जिथे रेघ ओढून जागा सोडली होती, त्यातल्या दोन जागी कवींची नावं शोधून भरली. तीन अजून रिकाम्या आहेत. कुणाला माहीत असतील तर सांगावीत; लिहायला मी बसलोच आहे.